जो फ्रेझरचा डावा हात

हेवीवेट बॉक्सिंग म्हटलं की आपल्याकडे दोनच नावं निघतात, अली आणि टायसन, त्यातही टायसन बहुतेकांना कान चावला म्हणून माहीत. तिसरं नाव विचारा, लोक आढ्याकडे बघायला लागतात. जो फ्रेझर कुणाला ठाऊक असलाच तर "तो अलीशी लढला होता ना" एवढ्यापुरता. आमच्या घरात तर त्याची बाजू घेणारं कुणी नव्हतंच, बाबा कट्टर अलीवाले, अलीने व्हिएतनामला जायला नकार दिला आणि टायटल घालवलं ही गोष्ट ते आम्हाला आग्र्याहून सुटकेच्या थाटात सांगायचे, आणि त्या गोष्टीत फ्रेझर म्हणजे मध्येच कडमडलेला कुणीतरी आडदांड माणूस.

मला मात्र हल्ली फ्रेझरच जास्त बघावासा वाटतो. रात्री जेवणं आटोपली की यूट्यूबवर त्याच्या जुन्या फाइट्स लावून बसतो. बायको म्हणते काय ती मारामारी बघत बसतोस, पण मी मारामारी कमी आणि त्याचा डावा हात जास्त बघत असतो. त्या माणसाचं सगळं करिअर त्या एका हातावर उभं आहे, आणि तो हात धड नव्हता.

साउथ कॅरोलायनात ब्यूफर्टजवळ, समुद्रकाठच्या दलदलीच्या भागात, १२ जानेवारी १९४४ ला हा जन्मला. बारावं मूल. वडील रुबिन शेतात राबायचे आणि जोडीला चोरून मक्याची दारू गाळायचे. जो जन्मायच्या थोडं आधी एका भांडणात रुबिनना गोळ्या लागल्या आणि त्यांचा डावा हात गेला. मग हे पोरगं चालतं झाल्यापासून बापाच्या मागे मागे, एका हाताने जे जमत नाही ते सगळं धरायचं, आवळायचं, उचलायचं काम याचं. बापाचा डावा हात म्हणजे हाच.

घरात टीव्ही आला, त्यावर बॉक्सिंग लागायचं, नातेवाईक जमायचे, आणि त्यात एका काकाने याच्या अंगापिंडाकडे बघून म्हटलं की हा पोरगा दुसरा जो लुईस होणार, जो लुईस म्हणजे हेवीवेटचा गाजलेला चॅम्पियन. झालं, पोराने ते मनावरच घेतलं. दुसऱ्या दिवशी एक गोणपाटाचं पोतं घेतलं, त्यात चिंध्या, मक्याची कणसं, झाडाला लोंबणारं शेवाळ असं काय मिळेल ते कोंबलं आणि मधोमध एक वीट घातली, आणि ते पोतं परसातल्या ओकच्या झाडाला दोरीने टांगलं. रोज त्याला मारत बसायचा. मधली वीट लागायची की नाही कोण जाणे, पण आठ-नऊ वर्षांच्या पोराने स्वतःच्या पंचिंग बॅगमध्ये वीट घालावी हे मला फार आवडतं. मऊ मऊ भरून चालणार नाही हे त्याला आपसूक कळलं होतं.

आणि मग ते डुक्कर. घरी एक दांडगं डुक्कर होतं, याने त्याला काठीने डिवचलं, फाटक उघडं राहिलेलं, डुक्कर जे मागे लागलं ते हा पळता पळता पडला आणि डावा हात विटेवर आपटला. डॉक्टरला द्यायला पैसे नाहीत. हात आपला आपणच जुळला, वाकडा जुळला, आणि त्यानंतर तो कोपरात कधीच पूर्ण सरळ झाला नाही.

ज्यांनी बॉक्सिंग कधी नीट बघितलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो, उजव्या बॉक्सरचा डावा हात म्हणजे पुढचा हात, त्याचं पहिलं काम जॅब मारणं, सरळ लांब हात टाकून समोरच्याला लांब ठेवणं. अलीचं सगळं वैभव त्या जॅबवर होतं. ज्याचा डावा हात सरळच होत नाही त्याने काय करायचं? त्याने आत घुसायचं. आणि आत घुसल्यावर जो पंच लागतो तो हूक, ज्याला कोपर वाकलेलंच लागतं, आणि याचं बारा महिने वाकलेलंच होतं. मला यात नशीब वगैरे दिसत नाही. दिसतं ते असं, की जे मोडकं हातात होतं त्याच्यातूनच या माणसाने धंद्याचं हत्यार केलं. त्याची किंमत पुढे किती बसली ते येईलच.

पंधराव्या वर्षी त्याने घर सोडलं. ज्या गोऱ्या मालकाच्या शेतावर काम करायचा त्याच्याशी वाजलं, तिथे राहणं धोक्याचं, म्हणून बसमध्ये बसून न्यूयॉर्कला थोरल्या भावाकडे. तिथे काम मिळेना तर गाड्या चोरून भंगारवाल्याला विकल्या, हे त्याने स्वतःच नंतर सांगितलंय. मग फिलाडेल्फिया, आणि तिथे कत्तलखान्यात नोकरी. तिथल्या थंड खोलीत टांगलेल्या बैलांच्या धडांवर तो ठोसे मारून सराव करायचा. पुढे हॉलिवूडच्या 'रॉकी' या फार गाजलेल्या सिनेमात हेच दृश्य आलं, हिरोला त्यातून पुतळा मिळाला, फ्रेझरला त्याच सिनेमात दोन मिनिटांचा रोल.

जिममध्ये तो गेला तो चॅम्पियन व्हायला नाही, वजन कमी करायला. पँट मांड्यांवरून चढेना म्हणून. पोलीस खात्यातर्फे पोरांसाठी चालवलेली जिम होती, तिथे यँक डरहॅम नावाच्या ट्रेनरची नजर याच्यावर पडली. १९६२ ते १९६४ सलग तीन वर्षं तो आपल्या भागातली गोल्डन ग्लव्ह्ज स्पर्धा जिंकला. त्याला हरवणारा एकच, बस्टर मॅथिस. हा मॅथिस तीनशे पौंडांच्या आसपास, म्हणजे जवळपास १३५ किलो, आणि एवढा देह असून पाय मात्र नाचऱ्यासारखे हलके. १९६४ च्या ऑलिम्पिक ट्रायल्समध्ये त्याने फ्रेझरला पॉइंट्सवर हरवलं. फ्रेझरची तक्रार अशी की मॅथिस चड्डी पार छातीपर्यंत वर ओढून यायचा, त्यामुळे पोटात मारलं तरी ते कमरेखाली, म्हणजे फाउल, धरलं जायचं. खरं असेल, हरलेल्याची कुरकुरही असेल. निकाल काही बदलला नाही.

म्हणजे टोकियोला मॅथिस जाणार आणि हा फक्त राखीव. कत्तलखान्यातली रजा वाया घालवून दुसऱ्याला सराव द्यायला कशाला जायचं म्हणून हा सोडूनच देणार होता, लोकांनी समजावून पाठवलं. आणि सरावाच्या एका फाइटमध्ये मॅथिसचा हात दुखावला, तोही फ्रेझरच्याच डोक्यावर मारताना. मॅथिस बाहेर, फ्रेझर आत.

टोकियोत पहिली फाइट युगांडाच्या ओयवेलोशी, पहिल्याच राउंडमध्ये खलास. दुसरी ऑस्ट्रेलियाच्या अथॉल मॅक्वीनशी, त्याने फ्रेझरला एकदा खाली पाडलं सुद्धा, पण तिसऱ्या राउंडमध्ये आटोपला. सेमीफायनल सोव्हिएत युनियनच्या येमेल्यानोव्हशी, दुसऱ्या राउंडमध्ये संपवला, पण संपवताना डाव्या हाताचा अंगठा मोडला. ज्या हातावर सगळी भिस्त त्याच हाताचा. याने काय केलं, तर कुणालाच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर एक्स-रे, एक्स-रे काढला असता तर डॉक्टरने फायनल खेळूच दिली नसती. गरम पाण्यात हात बुडवून बसला आणि फायनलला उतरला, समोर जर्मनीचा हान्स हुबर. मोडका हात जपत, उजव्या हाताने निभावत तीन राउंड काढले आणि पाच जजपैकी तिघांनी याला दिलं, दोघांनी त्याला. ३-२. गोल्ड. त्या ऑलिम्पिकमध्ये अमेरिकेच्या बॉक्सिंग टीमचं ते एकमेव गोल्ड.

मला ही फायनल त्याच्या सगळ्या मोठ्या फाइट्सपेक्षा जवळची वाटते. बघायला अगदी नीरस आहे. हूक जवळजवळ नाहीच, आणि तो का नाही हे आपल्याला माहीत असतं आणि हुबरला माहीत नसतं.

घरी परत आला तर पुढे काय? हात प्लास्टरमध्ये, त्यामुळे कत्तलखान्यात काम नाही. घरी बायको फ्लोरेन्स आणि लहान मुलं. १९६४ चा ख्रिसमस कोरडाच जायचा, वर्तमानपत्रात ऑलिम्पिक चॅम्पियनची ही अवस्था छापून आली तेव्हा लोकांनी मदत पाठवली. हे वाचताना आपल्याला आपसूक खाशाबा जाधव आठवतात. १९५२ ला हेलसिंकीहून ब्राँझ आणलं, पण जायच्या आधी पैसे गोळा करत फिरावं लागलं आणि नंतर पोलीस खात्यात साधी नोकरी.

खरं तर ॲमॅच्युअर आणि प्रोफेशनल अशी भिंतच आपल्या मातीतल्या पैलवानाला विचित्र वाटेल. आपल्याकडे जत्रेत पोरगं पहिल्यांदा लंगोट लावून उतरतं ते नारळासाठी, मग पाच-दहा रुपयांवर, मग शेकड्यावर, मग शेवटची मानाची लाखाची कुस्ती, एकच जिना, पायऱ्या चढत जायचं. बॉक्सिंगमध्ये तेव्हा तसं नव्हतं. ऑलिम्पिकपर्यंत एक पैसा घ्यायचा नाही, आणि एकदा पैसा घेतला की परत ऑलिम्पिकला जायचं नाही. आणि खेळसुद्धा बदलतो. तीन राउंडचे पंधरा राउंड होतात. तीन राउंडमध्ये माणूस नऊ मिनिटं अंगावर येऊन निभावून नेऊ शकतो, पंधरा राउंड म्हणजे पाऊण तास, तिथे प्रत्येक खाल्लेला ठोसा पुढच्या राउंडला व्याजासकट येतो.

प्रोफेशनल व्हायला भांडवल लागतं, आणि फ्रेझरसाठी ते चक्क शेअर काढून उभं केलं. फिलाडेल्फियातल्या धंदेवाल्यांनी क्लोव्हरले नावाची कंपनी काढली, एक शेअर २५० डॉलरला, आणि त्या पैशातून फ्रेझरला दर आठवड्याला पगार, ट्रेनिंगचा खर्च, आणि फाइटच्या कमाईत वाटा. म्हणजे काल देशासाठी फुकट लढणारा माणूस आज शेअर होल्डरांसाठी लढायला लागला. काही लोक याला गुलामगिरी वगैरे म्हणतात, मला तसं वाटत नाही. त्या काळी हेवीवेट बॉक्सरांच्या पाठीमागे माफियाची माणसं असायची, अलीच्या आधीचा चॅम्पियन सॉनी लिस्टन माफियाच्याच मुठीत होता, त्यापेक्षा हिशेबाची वही असलेली कंपनी शंभर पटीने बरी. शेअरवाल्यांनी बक्कळ कमावलं, फ्रेझरनेही कमावलं.

पहिली प्रोफेशनल फाइट १६ ऑगस्ट १९६५ ला, वुडी गॉस नावाच्या माणसाशी, पहिल्याच राउंडमध्ये संपली. पण खरं शिक्षण चालू झालं ते एडी फच आल्यावर. हा लॉस एंजेलिसचा ट्रेनर, अगदी शांत माणूस, शिक्षकासारखा. फ्रेझर सहा फुटाला थोडा कमीच, हेवीवेटमध्ये बुटका, त्यात हात आखूड आणि एक वाकडा. सरळ चालत गेला तर आत पोचेपर्यंत तोंडाचा भुगा. मग रिंगमध्ये आडवी दोरी बांधायची आणि फ्रेझरने तिच्या खालून डोकं एकदा या बाजूला काढायचं एकदा त्या बाजूला, पाय पुढे टाकत, तासन् तास. त्याच्या फाइट्समध्ये डोकं जे सतत शिवणाच्या मशीनसारखं खालीवर होताना दिसतं ते त्या दोरीचं काम. आणि डोकं डावीकडे खाली गेलं की शरीराचा सगळा भार डाव्या पायावर येतो, तिथून वर येताना हूक आपोआप सुटतो. म्हणजे बचाव आणि हल्ला ही एकच हालचाल. हे एकदा लक्षात आलं की फ्रेझरला "नुसता ताकदीचा गडी" म्हणणाऱ्यांचा राग येतो.

सप्टेंबर १९६६ ला अर्जेंटिनाच्या ऑस्कर बोनावेनाने त्याला दुसऱ्या राउंडमध्ये दोनदा खाली पाडलं. नियम असा होता की एका राउंडमध्ये तीनदा पडलात की खेळ खल्लास. म्हणजे त्या राउंडमध्ये अजून एकदा पाय लटपटले असते तर आज हा लेखच नसता. तो उठला, उरलेला वेळ काढला आणि दहा राउंडनंतर थोडक्यात जिंकला.

१९६७ ला अलीचं टायटल काढून घेतलं आणि खुर्ची रिकामी झाली. एका संघटनेने आठ जणांची स्पर्धा ठेवली, डरहॅमने फ्रेझरला त्यात उतरवलंच नाही, फार हुशारीचा निर्णय, बाकीचे एकमेकांना झोडपत बसले. न्यूयॉर्कने मात्र आपली वेगळी टायटल फाइट लावली, ४ मार्च १९६८, मॅडिसन स्क्वेअर गार्डन, फ्रेझर विरुद्ध बस्टर मॅथिस. तोच मॅथिस, तोवर प्रोफेशनलमध्ये एकही न हरलेला. सुरुवातीच्या राउंडमध्ये तो खरंच सुंदर खेळला. पण फ्रेझर बरगड्यांवर मारत राहिला, आणि सहा-सात राउंडनंतर तो एवढा देह मॅथिसला स्वतःलाच पेलवेना. अकराव्या राउंडमध्ये डावा हूक, संपलं. ॲमॅच्युअरमध्ये जो तीन राउंड पळून जिंकायचा त्याला अकरावी राउंड भेटलीच नव्हती.

१९७० ला त्या आठ जणांच्या स्पर्धेचा विजेता जिमी एलिस, त्याला हरवून उरलेलं टायटल पण घेतलं, आणि मग ८ मार्च १९७१, समोर बंदीनंतर परतलेला अली. दोघेही न हरलेले, दोघांना २५-२५ लाख डॉलर. या फाइटवर इतकं लिहिलं गेलंय की मी फक्त पंधराव्या राउंडबद्दल बोलतो. चौदा राउंड झालेले, दोघांचीही तोंडं सुजलेली, अली उजवा हात मागे घेऊन अपरकटच्या, म्हणजे खालून वर मारायच्या ठोशाच्या, तयारीत, आणि फ्रेझरचा डावा हात खूप खालून, जवळजवळ मांडीपासून निघतो. फच आणि डरहॅमने हेच घोकून घेतलं होतं, अली अपरकट मारायला हात खाली सोडतो तेव्हा हूक. जबड्यावर बसला. अली पाठीवर, पाय वर, बुटांचे लाल गोंडे हवेत. आणि अलीचं मोठेपण असं की तो लगेच उठला, असा पंच खाऊन. तिन्ही जजनी फ्रेझरला दिली. नंतर फ्रेझरच कित्येक दिवस हॉस्पिटलमध्ये.

अलीने त्याला "अंकल टॉम", म्हणजे गोऱ्यांचा होयबा, म्हटलं, पुढे मनिलातल्या तिसऱ्या फाइटच्या वेळी गोरिला म्हटलं, रबरी गोरिला घेऊन पत्रकारांसमोर नाचला. ज्याच्या वडिलांनी आणि ज्याने स्वतः गोऱ्यांच्या शेतात घाम गाळला, ज्याने बंदीच्या काळात अलीला पैसे दिले, लायसन्स परत मिळावं म्हणून बाजू घेतली, त्याला. लोक म्हणतात तिकिटं खपवायला केलं. असेल. पण फ्रेझरने ते वर्षानुवर्षं माफ केलं नाही, त्यावरून त्याला कडवट, खुनशी काय काय म्हटलं गेलं, तर मला वाटतं त्याचा तो हक्कच होता. दर वेळी मोठं मन त्यानेच का दाखवायचं?

पुढचं पटकन सांगतो कारण बॉक्सिंग बघणाऱ्या सगळ्यांना ते माहीत असतं. जानेवारी १९७३, किंग्स्टन, जॉर्ज फोरमनने दोन राउंडमध्ये सहा वेळा पाडलं आणि टायटल नेलं. त्याच वर्षी डरहॅम वारला. १९७४ ला अलीशी दुसरी, हरला. १ ऑक्टोबर १९७५, मनिला, अमेरिकेत टीव्हीवर रात्री दिसावी म्हणून सकाळी पावणेअकराला लावलेली फाइट, भयंकर उकाडा. तिथे चौदाव्या राउंडनंतर फचने थांबवलं. का थांबवलं ते नीट कळायला एक गोष्ट माहीत पाहिजे जी फ्रेझरने फार उशिरा सांगितली, की डाव्या डोळ्याने त्याला कित्येक वर्षं जवळजवळ दिसतच नव्हतं. लपवलं, जसा टोकियोत अंगठा लपवला. मनिलात उजवा डोळा सुजून बंद झाला, आणि डावा तर आधीच गेलेला, म्हणजे तेराव्या-चौदाव्या राउंडमध्ये अलीचा उजवा हात येताना त्याला दिसतच नव्हता. तरी स्टुलावर बसून तो फचशी भांडत होता, अजून एक राउंड. फच नाही म्हणाला. फचने आयुष्यात रिंगमध्ये माणसं मरताना पाहिली होती.

१९७६ ला फोरमनशी परत हरून थांबला, १९८१ ला उगाच एकदा परतला, बरोबरी. एकूण हिशेब ३२ जिंकल्या, ४ हरल्या, १ बरोबरी, आणि त्या चारही अली नि फोरमनकडूनच.

एका बाबतीत मात्र फ्रेझरचं चुकलं असं मला ठामपणे वाटतं, मुलाच्या. मार्व्हिस ॲमॅच्युअर म्हणून फार चांगला होता, शांत डोक्याने लांबून खेळणारा. बापाने त्याला आपल्यासारखं अंगावर जायला लावलं आणि फक्त दहा प्रोफेशनल फाइट्सनंतर १९८३ ला तेव्हाचा चॅम्पियन लॅरी होम्ससमोर उभा केला, पहिल्याच राउंडमध्ये संपला. १९८६ ला टायसनसमोर, तीस सेकंद. अरे बाबा, तुला स्वतःला डरहॅमने कसं जपून जपून वर आणलं होतं? आणि त्याचा हात काही वाकडा नव्हता, त्याला कशाला तुझी दोरी? मुलगी जॅकी वकील, तिने २००१ ला अलीच्या मुलीशी फाइट केली, हरली पण आठही राउंड उभी राहिली, पुढे न्यायाधीश झाली.

म्हातारपणी तो फिलाडेल्फियात नॉर्थ ब्रॉड स्ट्रीटवर स्वतःच्या जिमच्या वर राहायचा. २००८ ला जिम बंद झाली, तिथे फर्निचरचं दुकान आलं. ७ नोव्हेंबर २०११ ला लिव्हरच्या कॅन्सरने गेला, अंत्यसंस्काराला अली आला होता. शहरात सिनेमातल्या खोट्या बॉक्सरचा पुतळा केव्हाचा उभा, खऱ्याचा लागायला २०१५ उजाडलं.

कुणाला फ्रेझर बघायचाच असेल तर मनिलापासून सुरुवात करू नका, ती बघवत नाही. आधी हुबरची बघा, तीन राउंड, मग मॅथिसची अख्खी, घाई न करता, पुढे न ढकलता. पहिल्या पाच राउंडमध्ये तुम्हाला वाटेल मॅथिसच जिंकतोय. वाटू द्या.